किडनी बायोप्सीचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आलाय, मग तिसरी बाटली पाठवायची की नाही?

पोळीभाजी_सिडको
मंगळवार, रात्री ११.२०

नमस्कार. मी नाशिकला सिडकोत पोळी-भाजी केंद्र चालवते. दिवसभर हात पिठात असतात, म्हणून रात्री लिहितेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत आहे. जानेवारीत घसा धरला, ताप आला आणि दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. थंडीत पोरगं पाणी पीत नाही, उष्णता झाली असेल, असं म्हणून मी दोन दिवस धण्या-जिऱ्याचं पाणी पाजलं. मग घाबरून दवाखाना गाठला. सोनोग्राफीत खडा-बिडा काही नाही. ताप गेल्यावर लघवी डोळ्यांना स्वच्छ दिसायला लागली, पण तपासली की तांबड्या पेशी आहेतच. तीनदा तपासली, तिन्ही वेळा २५-३०. प्रोटीन एक प्लस. क्रिएटिनिन ०.८, बीपी ठीक.

किडनीच्या डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली. पालथं झोपवून, सोनोग्राफीवर बघत पाठीतून सुई घातली. शेवयांचे मोडके तुकडे असतात ना, तेवढेच तुकडे निघाले, आणि ते तीन वेगवेगळ्या बाटल्यांत टाकले. दोन बाटल्या लगेच गेल्या. तिसरी ‘लागली तर पाठवू’ म्हणून हॉस्पिटलच्या फ्रिजात ठेवली. त्याला आता तीन आठवडे झाले.

रिपोर्टमध्ये लिहिलंय: १७ ग्लोमेरुलाय, लक्षणीय बदल नाही. आयएफमध्ये (चमकणारा रंग लावून बघतात ती तपासणी) आयजीए, आयजीजी, सी३ सगळं निगेटिव्ह. आणि खाली एक ओळ, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी (ईएम) करून घ्यावी.

आता मला सांगा, बदल नाही तर पुढची तपासणी कशाला? मिस्टर म्हणतात, बिल वाढवायचे धंदे. तीन आठवडे पडलेला तुकडा खराब झाला नसेल का? आणि झाला असेल तर परत सुई? पोरगा आता पाठीला हात लावू देत नाही.

द्राक्षबाग_पिंपळगाव
मंगळवार, रात्री ११.४८

ताई, नॉर्मल म्हणजे नॉर्मल. माझ्या भाच्याचंही असंच होतं, गोखरूच्या काढ्याने महिन्यात लघवी साफ. मुंबईला काचेखाली बघून कोणाची किडनी सुधारली?

देवळाली_३८
बुधवार, सकाळी ७.०५

माझा अनुभव सांगतो. मागच्या पावसाळ्यात सकाळी उठलो की डोळे सुजलेले, संध्याकाळी मोज्याचा वळ पायात बोटभर खोल. लघवीत प्रोटीन चार प्लस. बायोप्सीत साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सगळं ठाकठीक, तुमच्यासारखंच. ईएममध्ये कळलं की गाळणीवरच्या पेशींचे पाय सपाट झालेत. मिनिमल चेंज म्हणतात. स्टेरॉइड सुरू केली, सूज उतरली, वजन अकरा किलोंनी कमी झालं (सगळं पाणीच होतं). तेव्हा ‘नॉर्मल’ या शब्दावर जाऊ नका.

काचेची_सुरी
बुधवार, सकाळी ९.३०

पोळीभाजी ताई, बाकीचं नंतर वाचा, आधी त्या बाटलीचं बघा. आज हॉस्पिटलमध्ये जाऊन एकच विचारा: बाटली फ्रिजमध्ये आहे की फ्रीजरमध्ये? त्या बाटलीत ग्लुटारल्डिहाइड असणार, झाकण उघडलं की नाकात झोंबणारं. त्यात चार अंशांवर तुकडा तीन आठवडे आरामात राहतो. पण एकदा गोठला की संपलं.

मी मुंबईच्या एका लॅबमध्ये एकोणतीस वर्षं ईएमची टेक्निशियन होते, आता नाशिकरोडला घरी असते. डॉक्टर नाही, निदान सांगणार नाही. पण तो तुकडा हाताळण्यात माझी उमर गेली, तेवढं हक्काने बोलेन.

एकदा मालेगावकडचे एक गृहस्थ वडिलांचा नमुना घेऊन मनमाडहून पंचवटी एक्स्प्रेसने आले. ज्या हॉस्पिटलातून आले, तिथे त्यांना कोणीतरी नुसतं ‘थंड ठेवा’ एवढंच सांगितलेलं. बिचाऱ्यांनी रात्रभर बाटली घरच्या फ्रीजरमध्ये ठेवली, मटारच्या पिशव्यांखाली. डोळ्यांना काही कळत नाही हो, तुकडा तसाच गुलाबीसर-पिवळा. पण पडद्यावर बघते तर एकेक पेशी चाळणीसारखी भोकाभोकांची. पाण्याचे स्फटिक झाले आणि सगळं आतून फाटलं. त्या गृहस्थांनी प्रवासभर बाटली मांडीवर धरली होती, असं ते दोनदा म्हणाले. त्यांना काय सांगायचं?

आता ‘बदल नाही तर कशाला’ याचं.

किडनीत रक्त गाळणारे लाखो गोळे असतात, तेच ग्लोमेरुलाय. त्या गाळणीचं मुख्य कापड म्हणजे बेसमेंट मेम्ब्रेन. मोठ्या माणसात त्याची जाडी साधारण ३०० ते ४०० नॅनोमीटर. केस ७० हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. साध्या सूक्ष्मदर्शकात आपण उजेडाने बघतो, आणि २०० नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी उजेडाला वेगळ्या दाखवता येत नाहीत, भिंग कितीही भारी असो. म्हणजे ते कापड तिथे आहे एवढं दिसतं. त्याची वीण उसवलीय का, ते नाही दिसत. पहिल्या डॉक्टरांनी नीट बघितलं नाही असं मनात आणू नका, त्यांनी त्यांच्या उजेडात दिसलं ते लिहिलं.

आमचे अण्णा इथल्या नोटांच्या प्रेसमध्ये होते. नोट टेबलावर ठेवली तर वॉटरमार्क दिसत नाही, उजेडासमोर धरली की आरपार दिसतो, हे त्यांनी मला चौथीत असताना शिकवलं. आमचं यंत्रही आरपारच बघतं, फक्त उजेडाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत. ८० हजार व्होल्टवर त्याची तरंगलांबी नॅनोमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते, म्हणून त्याला बारीक दिसतं. १९३१ साली बर्लिनमध्ये रुस्का आणि क्नॉल यांनी हा सूक्ष्मदर्शक बनवला, आणि रुस्कांना नोबेल मिळालं ते १९८६ मध्ये, पंचावन्न वर्षांनी!

पण आरपार जायचं तर काप तसा पातळ हवा. तिथेच आमची खरी कसोटी. तुकड्याला आधी ऑस्मियम लावायचं, तो काळा ठिक्कर पडतो. मग अल्कोहोलने पाणी काढायचं, रेझिनमध्ये बुडवायचा, साठ अंशांच्या ओव्हनमध्ये रेझिन दगडासारखं होऊ द्यायचं. आत पेशंटच्या नंबराची चिठ्ठी असते, ती शिसपेन्सिलनेच लिहायची, पेनची शाई रेझिनमध्ये पसरते. मग जाडसर काप काढून, निळ्या रंगात बघून, गोळा नक्की कुठे आहे ते शोधायचं. तो सापडला नाही तर पुढचं सगळं फुकट.

आणि मग बारीक काप, ७० नॅनोमीटरचे. एका केसाच्या जाडीचे हजार काप करा म्हणजे तेवढे. सुरुवातीला आम्ही काचेच्या सुऱ्या वापरायचो, रोज सकाळी काचेची पट्टी मोडून ताज्या करायच्या, दुपारपर्यंत धार गेलेली असायची. हिऱ्याची सुरी आली तेव्हा आमच्या मॅडमनी ती कपाटात कुलपात ठेवली होती. सुरीच्या मागे पाण्याचा छोटा हौद असतो, काप त्यावर तरंगत येतात. जाडी मोजायची ती रंगावरून. जांभळा आला तर जाड, टाकून द्या. सोनेरी आला तरी थोडा जाडच. चंदेरी झाक आली की हात थांबवायचा. माझी आई येवल्याची, ती म्हणायची की पोरीने शेवटी काठाचा रंग बघायचंच काम पत्करलं.

तो काप उचलायला चिमटा चालत नाही. काडीला चिकटवलेला पापणीचा एक केस, त्याने पाण्यावर हळूच ढकलायचा आणि तीन मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर घ्यायचा. श्वास जोरात सोडला तरी काप पळतो. पंखा लावायची सोय नाही, मे महिन्यातसुद्धा. शेवटी युरेनियम आणि शिशाचे क्षार लावायचे, कारण नुसत्या मांसातून इलेक्ट्रॉन सरळ निघून जातात, काहीच उमटत नाही. म्हणून ताई, रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागले तर लॅबवर चिडू नका.

आता मी एक विचारते. तुमच्या माहेरी कोणाला लहान वयात कमी ऐकू यायचं का? कोणाची किडनी गेलीय का?

द्राक्षबाग दादा, काढ्याबद्दल एकच. ईएमने किडनी सुधारत नाही हे खरंच, थर्मामीटरनेही ताप उतरत नाही. पण पारा असलेली पारंपरिक औषधं घेणाऱ्यांत मेम्ब्रेनस नावाचा किडनीचा आजार वेल्लोरच्या डॉक्टरांनी दाखवून दिलाय. गोखरूत पारा नसतो, मान्य. पुडीत काय काय आहे ते मात्र विचारून घ्या.

पोळीभाजी_सिडको
बुधवार, दुपारी ४.१०

मावशी, बाटली बघून आले. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात होती, गोठलेली नव्हती. लेबलवरचं नाव पुसट झालं होतं, मी सिस्टरसमोर परत लिहून घेतलं.

तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी पोळ्या तव्यावर विसरले.

माझा धाकटा भाऊ अंबडला शीट मेटलच्या शॉपमध्ये होता. पंचिंग मशीनवर. एकोणिसाव्या वर्षी त्याला कानाचं मशीन लागलं. आम्ही म्हटलं, दिवसभर धाडधाड आवाज, कान जाणारच. मग डोकं दुखायचं म्हणून गोळ्या खायचा. सत्ताविसाव्या वर्षी डायलिसिसवर गेला, एकतिसाव्या वर्षी गेला. सगळे म्हणाले, गोळ्यांनी किडनी खाल्ली.

बायोप्सीच्या आधी डॉक्टरांनी मला विचारलं होतं, घरात कोणाला किडनीचा आजार? मी नाही म्हणाले. खोटं नाही बोलले हो. त्याचं गोळ्यांनी झालं असंच डोक्यात होतं, त्याला आम्ही आजार धरतच नव्हतो.

काचेची_सुरी
बुधवार, दुपारी ४.३५

हे जे इथे लिहिलंत, तेच एका कागदावर लिहा आणि उद्या डॉक्टरांच्या हातात द्या. तोंडी सांगू नका, गडबडीत राहून जातं. बाटली पाठवताना फॉर्मवरही लिहायला सांगा: मामाला बहिरेपणा, सत्ताविसाव्या वर्षी डायलिसिस. बघणाऱ्याला काय शोधायचं ते कळलं की तो मेम्ब्रेन दहा ठिकाणी मोजतो.

मला कशाची शंका आहे ते डॉक्टर सांगतील. तुम्ही आत्ता स्वतःला दोष देत बसू नका, पोळ्या करपतील.

पॅथॉलॉजी_निवासी
बुधवार, रात्री १०.५०

मी पॅथॉलॉजीचं एमडी करतोय. मावशींनी नाव घेतलं नाही, पण ताई उद्या शोधतीलच, म्हणून लिहितो: शंका अल्पोर्टची आहे. १९२७ साली अल्पोर्ट नावाच्या डॉक्टरांनी एकाच कुटुंबातला लघवीतलं रक्त आणि बहिरेपणा यांचा संबंध मांडला, म्हणून ते नाव. मेम्ब्रेनमध्ये टाइप ४ कोलॅजेनचा जो धागा असतो, तो जन्मतःच सदोष. तोच धागा कानात आणि डोळ्याच्या भिंगाच्या वेष्टनातही असतो, म्हणून कान आणि डोळे. बहुतेक घरांत दोष एक्स गुणसूत्रावर असतो. आईकडून येतो, मुलग्यांना जोरात धरतो. तुम्ही लिहिलेल्या चित्रात ते बसतं, पण सिद्ध झालेलं नाही.

मावशींशी एका बाबतीत मतभेद. असा कौटुंबिक इतिहास आधीच मिळाला असता तर हल्ली बरेच डॉक्टर सुईच्या आधी रक्तावरून जीन टेस्ट करतात. सुई वाचते. शिवाय लहान वयात ईएममध्ये मेम्ब्रेन नुसताच पातळ दिसतो, २५० नॅनोमीटरच्या आत, आणि तसा तो निरुपद्रवी प्रकारातही असू शकतो. म्हणजे ईएम हा शेवटचा शब्द नाही.

काचेची_सुरी
गुरुवार, सकाळी ८.१५

निवासी बाळा, बरोबर बोललास. पण सुई टोचून झालीय आणि तुकडा फ्रिजात पडलाय. जे हातात आहे ते आधी बघूया, जीन टेस्ट नंतर आहेच. आणि जीन टेस्टमध्ये ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल आला की तुम्ही लोक परत आमच्याकडेच येता, ‘मावशी, मेम्ब्रेन कसा दिसतोय’ म्हणून.

अजून एक, ज्यांची तिसरी बाटली ठेवलेलीच नसते त्यांच्यासाठी. फॉर्मलिनमधला उरलेला तुकडा, अगदी मेणाच्या ठोकळ्यातला सुद्धा, परत काढून ईएमला घेता येतो. सूक्ष्म बारकावे बिघडतात, पण डिपॉझिट (गाळणीत साचलेली प्रथिनं) किंवा अमायलॉइड या बिघडलेल्या प्रथिनाचे धागे ओळखता येतात. फक्त मेणातून काढलेल्या तुकड्यात मेम्ब्रेन मुळात आहे त्याहून पातळ भरतो, त्यामुळे नेमक्या या आजारात ते मोजमाप धरू नये. तेव्हा बायोप्सीच्या दिवशीच विचारा, तिसरी बाटली ठेवताय ना?

देवळाली_३८
गुरुवार, सकाळी ८.४०

माझं कुठल्या बाटलीतून झालं कोण जाणे. आता फाइल काढून बघतो.

पोळीभाजी_सिडको
रविवार, रात्री ११.०५ (चोवीस दिवसांनी)

रिपोर्ट आला. तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात, म्हणून लिहिते.

मेम्ब्रेनची जाडी कुठे १५० नॅनोमीटर, कुठे ६०० च्या वर. मधला थर फाटे फुटून जाळीसारखा झालाय. डिपॉझिट नाहीत. अल्पोर्टशी सुसंगत, असं लिहिलंय. डॉक्टरांनी संगणकावर फोटो दाखवला. काळा-पांढराच असतो, मला रंगीत वाटला होता. ते म्हणाले टोपलीच्या विणीसारखं दिसतंय, पण मला तर बुरडाची पाटी दोन पावसाळे अंगणात राहिल्यावर जशी सुटते ना, तशी वाटली. पट्ट्या पट्ट्या वेगळ्या झालेल्या.

कानाची तपासणी झाली. बारीक, उंच आवाज त्याला कमी येतात. मी हाक मारली की तो ‘हं?’ करायचा आणि मी मोबाइल हिसकावून घ्यायचे. डोळे आज तरी ठीक आहेत, दरवर्षी दाखवायचे. रामिप्रिलची गोळी सुरू झालीय. बीपी नॉर्मल असताना बीपीची गोळी का, असं मिस्टरांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, गाळणीवरचा दाब कमी राहतो, लवकर सुरू केली तर किडनी जास्त वर्षं टिकते. दुखण्यावरच्या गोळ्या विचारल्याशिवाय द्यायच्या नाहीत, ते तर मी न सांगताच कपाटातून काढून टाकल्या. जीन टेस्टचं रक्तही दिलंय.

माझी लघवी तपासली. ८-१० तांबड्या पेशी. मला कधीच काही झालं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आता तुम्हालाही दरवर्षी बीपी आणि लघवी बघावी लागेल, आणि पुढे वेळ आली तर ‘आईची किडनी देऊ’ हे गृहीत धरू नका. ते ऐकून मी जिन्यात बसून घेतलं जरा वेळ.

सिन्नरला माझी बहीण असते, तिला नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. तिला फोन केला तर म्हणाली, आमच्या घरात सगळे ठणठणीत आहेत, उगाच पोरांना सुया नको. तिला काय सांगू?

काचेची_सुरी
सोमवार, सकाळी ७.५०

सुई नाहीच, हे पहिलं सांगा. सिन्नरच्या कुठल्याही लॅबमध्ये तिघांची साधी लघवीची तपासणी, बस. सकाळची, मधल्या धारेची, स्वच्छ बाटलीत, आणि तासाभरात लॅबमध्ये पोचवायची, पेशी फुटून जातात. मुलाने आदल्या दिवशी मैदानात फार धावाधाव केलेली नको. बहिणीने पाळीच्या दिवसांत द्यायची नाही, नाहीतर फुकटच्या तांबड्या पेशी दिसतील आणि परत सगळे घाबरतील. एकदा स्वच्छ आली तरी पाठ सोडू नका, काही महिन्यांनी परत करा.

फोनवर ऐकत नसेल तर जाऊन या, सिन्नर किती लांब आहे? जाताना भावाची डायलिसिसची फाइल घरात कुठे असेल तर घेऊन जा.

पोळीभाजी_सिडको
सोमवार, दुपारी ३.२०

फाइल आईच्या ट्रंकेत आहे. गुरुवारी केंद्र बंद असतं, तेव्हा जाते.

द्राक्षबाग_पिंपळगाव
सोमवार, रात्री ९.१५

ताई, गुरुवारी मी सिन्नरला बाजार समितीत येतोय, गाडी रिकामी आहे. सिडकोहून घेतो तुम्हाला. आणि मावशी, भाच्याला लघवी तपासायला पाठवलंय.

काचेची_सुरी
सोमवार, रात्री ९.२२

मधल्या धारेची.